अतिवाहकाच्या पोटातलं चुंबकत्व: म्यूऑनची साक्ष कुठवर धरायची?

आडवाट (धागालेखक)

मागे एलके-९९च्या (साध्या तापमानाला अतिवाहक सापडल्याचा तो दावा) गदारोळात इथे कुणीतरी विचारलं होतं: पदार्थ अतिवाहक, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहून नेणारा, आहे का हे बघायला रोध मोजा, चुंबकावर तरंगतो का पाहा, विषय संपला. मग ही मंडळी नमुना घेऊन थेट त्वरकावर (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) का जातात आणि त्यात म्यूऑन का सोडतात? उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा. गणित जवळपास नाही, पण थोडा धीर धरावा लागेल.

आधी कण. म्यूऑन इलेक्ट्रॉनच्याच कुळातला, पण सुमारे २०७ पट जड आणि अल्पायुषी, सरासरी २.२ मायक्रोसेकंद. वातावरणातून ते सतत आपल्यावर पडत असतात, समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक. पिरॅमिडमधली पोकळी शोधायला तेवढे पुरले, पण नखाएवढ्या स्फटिकाच्या अभ्यासाला ते पुरत नाहीत. शिवाय त्यांचे स्पिन (प्रत्येक कणाच्या अंगचा छोटा चुंबकी काटाच म्हणा) आपल्याला हवे तसे एका रांगेत नसतात. म्हणून त्वरक. प्रोटॉनचा झोत ग्राफाइटवर आदळतो, त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात. ग्राफाइटच्या पृष्ठभागाजवळ थांबलेला धन पायॉन २६ नॅनोसेकंदांत मोडतो आणि धन म्यूऑन व न्यूट्रिनो एकमेकांकडे पाठ करून सुटतात. न्यूट्रिनो कायम डावखुरा, म्हणजे त्याचा स्पिन कायम वाटचालीच्या उलट, त्यामुळे म्यूऑनचा स्पिन त्याच्या वाटचालीच्या बरोबर उलट दिशेला. म्हणजे स्पिन रांगेत लावायला काही करावंच लागत नाही, जन्मतःच १०० टक्के.

हा म्यूऑन ४.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने नमुन्यात शिरतो, मिलिमीटरच्या आत थांबतो आणि अणूंच्या मधल्या एखाद्या जागी बसतो. थांबेपर्यंत स्पिन शाबूत. तिथे जे काही चुंबकीय क्षेत्र असेल त्याभोवती स्पिन फिरायला लागतो, एका टेस्लाला सेकंदाला १३५.५ दशलक्ष फेरे या हिशेबाने. मग म्यूऑन मोडतो आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन जुळा) बाहेर पडतो, तो जास्त करून त्या क्षणी स्पिन जिकडे असेल तिकडे. पुढचे-मागचे डिटेक्टर पॉझिट्रॉन मोजतात. असे लाखो म्यूऑन जमले की दोन्ही बाजूंच्या मोजणीतला फरक वेळेनुसार कसा बदलला याचा आलेख मिळतो. सगळं शास्त्र त्या एका वळवळत्या रेघेत.

याची सुरुवात १९५७ ची. जानेवारीतल्या एका शुक्रवारी कोलंबिया विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या जेवणात बातमी आली की चिएन-शिउंग वू यांच्या कोबाल्टच्या प्रयोगात पॅरिटी, म्हणजे निसर्गाला डावं-उजवं सारखंच हा नियम, मोडताना दिसते आहे. लिऑन लेडरमन यांच्या डोक्यात किडा वळवळला: पायॉन, म्यूऑन, पॉझिट्रॉन या साखळीतही हे दिसायला हवं. त्यांनी रिचर्ड गार्विनना गाठलं. मार्सेल वाइनरिख या विद्यार्थ्याची मांडणी नेव्हिस सायक्लोट्रॉनवर उभी होती, तिचाच बळी दिला. मंगळवारी सकाळी उत्तर हातात. (बिचारा वाइनरिख. पण शोधनिबंधावर नाव लागलं.) यातली खरी युक्ती अशी, की डिटेक्टर फिरवत बसण्याऐवजी त्यांनी तारेचं वेटोळं लावून चुंबकीय क्षेत्राने म्यूऑनचा स्पिनच फिरवला. आणि त्याच निबंधात लिहून ठेवलं की अणूंमधलं आणि अणूंच्या मधल्या जागांतलं क्षेत्र तपासायला हा कण मोठं हत्यार ठरू शकेल. आजचा म्यूएसआर (म्यूऑनच्या स्पिनवरून क्षेत्र मोजायची ही पद्धत) म्हणजे तोच प्रयोग, कार्बनच्या तुकड्याऐवजी आपल्याला हवा तो पदार्थ ठेवून केलेला.

अतिवाहकात हे दोन तऱ्हांनी वापरतात.

पहिली तऱ्हा बाहेरून क्षेत्र लावून. दुसऱ्या प्रकारच्या अतिवाहकात क्षेत्र व्हॉर्टेक्सची, म्हणजे प्रवाहाच्या बारीक भोवऱ्यांची, जाळी करून आत घुसतं. व्हॉर्टेक्सच्या गाभ्यात क्षेत्र जास्त, दोन व्हॉर्टेक्सच्या मध्ये कमी. म्यूऑनला जाळी दिसत नाही, तो कुठेही पडतो, त्यामुळे लाखो म्यूऑन म्हणजे लाखो जागांचं क्षेत्र. ही पसरण किती, त्यावरून क्षेत्र अतिवाहकात किती खोल शिरतं ती लांबी निघते, आणि तिच्यावरून जोड्या करून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांची दाटी. तापमान वाढवत नेलं की ही दाटी कशी घटते यावरून जोडीचा आकार कळतो. साध्या अतिवाहकात ती अगदी थंडीत सपाट राहते. इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये ती सरळ रेषेत घसरते हे १९९३ मध्ये मायक्रोवेव्हने आणि १९९४ मध्ये म्यूऑनने दाखवलं. काही दिशांना जोडी तोडायला ऊर्जाच लागत नाही, याचं ते चिन्ह. त्याआधी १९८९ मध्ये उएमुरा आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच कॉपर ऑक्साइडांसाठी ही दाटी आणि टीसी एकाच आलेखावर मांडली, आणि कमी डोपिंगच्या (पदार्थात मुद्दाम केलेल्या भेसळीच्या) बाजूला सगळे एका रेषेवर आले. टीसी म्हणजे ज्या तापमानाखाली पदार्थ अतिवाहक होतो ते. नायोबियम, कथील वगैरे जुनी मंडळी त्या रेषेपासून फार लांब. हा आलेख आजही बऱ्याच व्याख्यानांत पहिल्या पाच मिनिटांत येतो.

दुसरी तऱ्हा शून्य क्षेत्राची, आणि भांडणं सगळी तिथली. बाहेरचं क्षेत्र काढून टाकायचं, पृथ्वीचं सुद्धा वेटोळ्यांनी मारायचं, आणि नमुना टीसीच्या खाली न्यायचा. साध्या अतिवाहकात काहीच बदलायला नको. काळ उलटा फिरवला तर प्रवाह उलटतात, क्षेत्र उलटतं. साध्या जोडीला स्वतःचं क्षेत्र नसल्यामुळे तिला फरक पडत नाही. पण टीसीच्या खाली आपोआप क्षेत्र उगवलं, तर त्या अतिवाहकाने काळ-उलट सममिती मोडली.

१९९४ मध्ये माएनो यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम रुथेनेट अतिवाहक असल्याचं दाखवलं. टीसी जेमतेम दीड केल्विन. १९९८ मध्ये ल्यूक आणि सहकाऱ्यांनी त्यात म्यूऑन सोडले, तर टीसीच्या खाली स्पिन जरा जास्त वेगाने विस्कटायला लागले. आतलं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राएवढं. एवढ्या क्षेत्रात म्यूऑनचा स्पिन त्याच्या सरासरी आयुष्यात जेमतेम ५ अंश वळतो. सूक्ष्मता लक्षात घ्या. त्याच वर्षी एनएमआरनेही (रेडिओ लहरींनी अणुकेंद्रांचे स्पिन छेडून मोजायची पद्धत) या पदार्थाबद्दल मोठा निकाल दिला, आणि पुढची २० वर्षं पाठ्यपुस्तकांत हा अतिवाहक हेलियम-३ चा भाऊबंद, म्हणजे समांतर स्पिनच्या जोड्यांचा, म्हणून छापला गेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'टीसीच्या खाली, आत, क्षेत्र आहे' हे म्यूऑन सांगतो आणि खात्रीने सांगतो. ते क्षेत्र का आहे, हे तो सांगत नाही. या विषयातला बराच गोंधळ ही दोन वाक्यं एकच समजल्यामुळे झालाय.

खडीसाखर

वाचतेय. डावखुऱ्या न्यूट्रिनोपर्यंत आले, चहा टाकते आणि परत येते. पुभाप्र.

ढवळ्या

छान लिहिलंय, पण मूळ शंका तिथेच. स्क्विड मॅग्नेटोमीटर, म्हणजे अगदी क्षीण चुंबकत्व मोजणारं यंत्र, बऱ्याच विद्यापीठांत असतो. अर्ध्या दिवसात मोजमाप. म्यूऑनसाठी अर्ज करा, सहा महिने थांबा, विमानाने जा. एवढं जास्तीचं काय मिळतं?

आडवाट

@ढवळ्या, स्क्विड मॅग्नेटोमीटर पूर्ण नमुन्याची बेरीज देतो. बचकाभर शेंगदाणे तोंडात टाकले आणि त्यातला एक खवट निघाला तर पूर्ण घास खवट लागतो. किती दाणे खवट होते ते जिभेला सांगता येत नाही. नमुन्यात दोन टक्के लोहचुंबकी अशुद्धी असली तर स्क्विडचं तेच होतं. म्यूऑनचं तसं नाही. दोन टक्के जागी जोरदार क्षेत्र असेल तर दोनच टक्के म्यूऑनांचे स्पिन भराभर फिरतील, बाकीचे अठ्ठ्याण्णव निवांत. आलेखात ते दोन गट वेगळे दिसतात.

याचा खरा फायदा लोहाधारित अतिवाहकांत झाला. २००८ मध्ये ते आले तेव्हा पहिला प्रश्न हाच होता: चुंबकत्व आणि अतिवाहकता एकाच जागी नांदतात, की नमुन्याचा एक भाग चुंबकी आणि दुसरा अतिवाहक? नुसत्या बेरजेवरून हे सांगता येत नाही. म्यूऑनने वेगवेगळ्या संयुगांसाठी वेगवेगळी उत्तरं दिली. लॅन्थनमच्या कुटुंबात डोपिंग वाढवताना चुंबकत्व एकदम जातं आणि अतिवाहकता येते, तर बेरियमच्या कुटुंबातल्या काही संयुगांत दोन्ही एकत्र राहतात. न्यूट्रॉनलाही चुंबकत्व दिसतं, पण त्याला लांबवर पसरलेली शिस्त आवडते आणि स्फटिक मोठा लागतो. क्षेत्र अव्यवस्थित असेल, अणूंचं चुंबकत्व फार क्षीण असेल, तर म्यूऑन.

लोहकण

धाग्याबद्दल आभार. मी यंत्र अभियंता, निवृत्त. एक गोष्ट गळी उतरत नाही. तुम्ही त्या पदार्थात एक धन विद्युतभार घुसवताय. आजूबाजूचे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे ओढले जाणार, शेजारचे अणू सरकणार. मग मोजता ते पदार्थाचं क्षेत्र की तुम्ही केलेल्या खड्ड्याचं?

खडीसाखर

लोहकण काकांना +१. मलाही हेच विचारायचं होतं, फक्त इतक्या सुबक भाषेत जमलं नसतं.

आडवाट

@लोहकण काका, नेमक्या जागी बोट ठेवलंत. म्यूऑनवाल्यांना परिषदेत हा प्रश्न दर वेळी येतो.

धन म्यूऑन स्फटिकात हलक्या प्रोटॉनसारखा वागतो. ऑक्साइडमध्ये तो ऑक्सिजनपासून साधारण एक अँगस्ट्रॉमवर बसतो आणि शेजारचे अणू थोडे सरकतातच. धातूत वाहते इलेक्ट्रॉन त्याचा भार झाकून टाकतात, त्यामुळे अर्धवाहकात जसा तो इलेक्ट्रॉन पकडून म्यूऑनियम बनतो तसा धातूत बनत नाही. स्वित्झर्लंडच्या झोतात तर नमुन्यात एका वेळी एकच म्यूऑन असतो, तो मोडला की पुढचा. गर्दीने पदार्थ बिघडण्याचा प्रश्न नाही.

पण स्थानिक खड्डा राहतोच. म्हणून गेल्या काही वर्षांत म्यूऑन नेमका कुठे बसतो आणि शेजाऱ्यांना किती हलवतो हे संगणकावर काढायची पद्धत रुळली. २०२१ मध्ये हडार्ट आणि सहकाऱ्यांनी काळ-उलट सममिती मोडणाऱ्या अतिवाहकांसाठी हाच हिशेब केला, आणि दिसलेलं क्षेत्र म्यूऑनने स्वतः निर्माण केलं असण्याची शक्यता त्यांना दिसली नाही.

शिवाय एक साधा युक्तिवाद. खड्डा टीसीच्या वरही असतो आणि खालीही. क्षेत्र मात्र टीसीलाच उगवतं. आणि कित्येक अतिवाहकांत शून्य क्षेत्रात काहीच दिसत नाही. खड्डा तिथेही असतो की.

आता तुमच्या बाजूचाही एक पुरावा देतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. युरेनियम-प्लॅटिनमचा एक जड-इलेक्ट्रॉन अतिवाहक आहे. १९९३ मध्ये त्यात म्यूऑनला टीसीच्या खाली क्षेत्र दिसलं. १९९५ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये दुसऱ्या गटांनी चांगले स्फटिक घेऊन पाहिलं, तर काही दिसलं नाही. मग २०१४ मध्ये प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर आधारलेल्या केर मोजमापात सममिती मोडलेली दिसली. म्हणजे सममिती खरोखर मोडली असावी, पण म्यूऑनला दिसणारं क्षेत्र स्फटिकातल्या दोषांपाशी जमत असावं. याला कारणही आहे: अतिवाहक स्वतःच्या आतलं क्षेत्रही मारून टाकतो, ते उरतं ते दोषांपाशी, कडांना आणि दोन विभागांच्या सीमेवर. म्हणून फार शुद्ध नमुना म्यूऑनसाठी फार मुका.

लोहकण

हे पटलं. विशेषतः शेवटचं. कारखान्यातही तडा असतो तिथेच ताण जमा होतो.

रेघोटी

मी एनएमआरच्या बाजूची, त्यामुळे माझं झुकतं माप गृहीत धरा. मूळ लेखात १९९८ च्या एनएमआर निकालावर एक वाक्य टाकून लेखक पुढे गेले. तिथे थांबायला हवं, कारण खरा धडा तिथे आहे.

एनएमआरमध्ये आपण इलेक्ट्रॉनांची स्पिन-संवेदनशीलता (क्षेत्राला त्यांचे स्पिन किती दाद देतात ते) नाइट शिफ्टवरून, म्हणजे अणुकेंद्राची वारंवारता किती सरकली त्यावरून, पाहतो. जोडीतले दोन स्पिन उलटसुलट असतील तर टीसीच्या खाली ती घसरते. इशिदा आणि सहकाऱ्यांना १९९८ मध्ये ऑक्सिजन-१७ वर ती घसरताना दिसली नाही. निष्कर्ष: स्पिन समांतर. म्यूऑनने म्हटलं क्षेत्र आहे, एनएमआरने म्हटलं स्पिन समांतर, दोन्ही एका चित्रात चपखल बसले. राइस आणि सिग्रिस्ट यांनी १९९५ मध्येच तो अंदाज बांधला होता. मग क्वांटम संगणकासाठी हाच पदार्थ वगैरे स्वप्नं सुरू झाली.

२०१९ मध्ये पुस्तोगोव्ह, ब्राउन आणि मंडळींनी तेच मोजमाप पुन्हा केलं आणि नाइट शिफ्ट चांगलीच घसरली. कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल. एनएमआरमध्ये रेडिओ लहरींचा ठोका द्यावा लागतो. जास्त ऊर्जेचा ठोका दिला की नमुना क्षणभर तापतो. टीसी दीड केल्विन, तेव्हा थोडं तापलं तरी नमुना अतिवाहकच राहत नाही. आपण साध्या धातूचं मोजमाप घेत होतो आणि अतिवाहकाचं समजत होतो. ठोका कमी केल्यावर घसरण दिसली. मूळ गटानेही पुढे ती घसरण पाहिली. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

तेव्हा आता समांतर स्पिनची जोडी बाद. म्यूऑनचं क्षेत्र मात्र तिथेच आहे. मग आधी ज्या चित्रात ते इतकं चपखल बसलं होतं, त्याचं काय?

आडवाट

@रेघोटी, माझं मुख्य म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत. म्यूऑनने 'स्पिन समांतर' असं कधीच म्हटलं नव्हतं. ते आपण एनएमआरशी सांगड घालून वाचलं. मोजमाप उभं राहिलं, अर्थ पडला.

ठोक्याच्या बाबतीत म्यूऑनला एक फुकटचा फायदा आहे, त्याला ठोकाच लागत नाही. स्पिन आधीच रांगेत, रेडिओ लहरी नकोत, बाहेरचं क्षेत्रसुद्धा नको. शून्य क्षेत्रात, काही दहा मिलिकेल्विनला, पदार्थाला जवळपास न छेडता मोजणी. अर्थात काकांचा खड्डा वगळून.

पारिजात_७१

प्रयोगशाळेचं थोडं सांगा ना. तिथे प्रत्यक्ष काय करतात? आणि भारतात हे होतं का? मी केमिस्ट्रीची, पाउडर बनवून देण्यापलीकडे अशा ठिकाणी आमची गती नाही.

आडवाट

@पारिजात ताई, पाउडर बनवून देणाऱ्यांशिवाय या ठिकाणांचा झोत नुसता शिशावर पडत राहील, तेव्हा हे असं बोलू नका.

हे काम मुख्यतः चार ठिकाणी चालतं. स्वित्झर्लंडमधलं फिलिगेन इथलं पॉल शेरर इन्स्टिट्यूट, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेतलं आयएसआयएस, कॅनडात व्हँकुव्हरचं ट्रायम्फ आणि जपानमध्ये तोकाईचं जे-पार्क. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी म्यूऑन सतत येतात, बाकी दोन्हीकडे गठ्ठ्याने. आयएसआयएसला सेकंदाला ५० प्रोटॉन ठोके. गठ्ठ्याच्या झोतात दोन ठोक्यांच्या मध्ये पार्श्वभूमी फार कमी असते, त्यामुळे अगदी मंद विस्कटणं २० मायक्रोसेकंदांपर्यंत पाहता येतं. अर्ध्या गॉससाठी ते बरं. पण गठ्ठ्यालाच लांबी असल्यामुळे फार वेगाने फिरणारे स्पिन धूसर होतात, त्यासाठी सततचा झोत.

हाताने करायचं काम असं: पाउडर किंवा स्फटिकांचे तुकडे शुद्ध चांदीच्या पट्टीवर वार्निशने चिकटवायचे. चांदीच का, तर चांदीत पडलेल्या म्यूऑनचा स्पिन जवळपास विस्कटतच नाही, त्यामुळे नमुना चुकवून पट्टीवर पडलेल्यांचा हिशेब वजा करता येतो. मग डायल्युशन फ्रिज, म्हणजे नमुना एका केल्विनच्याही खूप खाली नेणारं यंत्र. मग शून्य क्षेत्र शोधायचं, आणि हे सगळ्यात चिवट काम, कारण शेजारच्या प्रयोगात कुणी मोठं चुंबक चालू केलं की आपलं शून्य हलतं. बाकी रात्रभर वाट पाहणं, त्वरक मध्येच बंद पडला तर कंट्रोल रूमच्या पडद्याकडे बघत बिस्किटं खाणं.

भारतात म्यूऑनचा असा झोत नाही. पण भारतातली माणसं या कामात भरपूर आहेत. रेनियम-झिरकोनियमच्या अतिवाहकात शून्य क्षेत्रात सममिती मोडते हा २०१४ चा निकाल आयएसआयएसवरचा, त्याचे पहिले लेखक रवी प्रकाश सिंह. आयसर भोपाळला त्यांच्या गटाने रेनियमच्या त्याच कुटुंबातले हाफ्नियम आणि टायटॅनियमचे भाऊ पुढे तपासले. नमुना भोपाळला, म्यूऑन ऑक्सफर्डशायरला.

खडीसाखर

चहा पिऊन परत आले तर इथे रेनियम. हे रेनियमचं काय विशेष?

आडवाट

या संयुगांच्या स्फटिकात उलट-सममिती नसते, म्हणजे एका बिंदूतून सगळं उलटं केलं तर स्फटिक स्वतःवर बसत नाही. तसं असलं की समांतर आणि उलटसुलट स्पिनच्या जोड्या मिसळू शकतात, म्हणून लोक तिथे विचित्र काही शोधत होते. लॅन्थनम-निकेल-कार्बनच्या अशाच एका संयुगात २००९ मध्ये आयएसआयएसवर क्षेत्र सापडलं होतं. रेनियममध्येही सापडलं आणि सगळ्यांना वाटलं कारण उघड आहे. मग २०१८ मध्ये पॉल शेररवर शुद्ध रेनियम धातू तपासला. त्याच्या स्फटिकात उलट-सममिती छान शाबूत आहे. तरी क्षेत्र दिसलं! म्हणजे दोष उलट-सममितीच्या अभावाचा नाही, रेनियमचाच काहीतरी आहे. पुन्हा तेच: क्षेत्र आहे हे पक्कं, कारणाचा अंदाज कच्चा.

सांजवेळ

अवांतर: कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला अतिवाहक होतो हे २०१६ मध्ये दाखवलं ना? तोही असाच अनपेक्षित निकाल. त्यात म्यूऑन सोडता येतील का?

आडवाट

अवांतर कसलं, चांगला प्रश्न आहे. म्यूऑनच्या झोतावरचे डायल्युशन फ्रिज काही दहा मिलिकेल्विनपर्यंत जातात. ०.५३ त्याच्या कितीतरी खाली. शिवाय झोतासाठी फ्रिजला खिडक्या ठेवाव्या लागतात, त्यातून उष्णता येतेच. तेव्हा सध्याच्या मांडणीत नाही.

ढवळ्या

मान्य, चांदी, रेनियम, सममिती, सगळं भारी. पण कुणाच्या कामाचं? पैसे देणारा हेच विचारतो.

आडवाट

@ढवळ्या, एक सरळ उपयोग: त्वरकांमध्येच नायोबियमच्या अतिवाहक पोकळ्या असतात, ज्यात रेडिओ लहरींनी कणांना धक्का दिला जातो. त्यांची सगळी करामत पृष्ठभागाच्या पहिल्या शंभरएक नॅनोमीटरमध्ये. नेहमीचा म्यूऑन तिथे थांबत नाही, खोल जातो. म्हणून पॉल शेररला म्यूऑनना आधी गोठवलेल्या आर्गॉन किंवा नायट्रोजनच्या पातळ थरातून नेऊन काही इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत मंद करतात आणि मग हवी तेवढीच ऊर्जा देऊन सोडतात. बहुतेक म्यूऑन वाटेत वाया जातात, उरलेल्यांवर काम. ऊर्जा बदलली की थांबण्याची खोली बदलते, काही नॅनोमीटरपासून दोनतीनशेपर्यंत. २००० साली याच पद्धतीने अतिवाहकाच्या पृष्ठभागाखाली क्षेत्र घातांकी रीतीने कसं विरत जातं ते थेट थर-थर मोजून दाखवलं. लंडन बंधूंनी १९३५ मध्ये समीकरण लिहिलं होतं. तोवर ती लांबी कायम आडवाटेने काढत होते (आयडीची जाहिरात नाही).

हीच पद्धत पोकळ्यांमधून कापलेल्या नायोबियमच्या तुकड्यांवर वापरून, भाजण्याच्या प्रक्रियेने पृष्ठभागात नेमका काय बदल होतो ते तपासलं गेलं. अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या नव्या त्वरकासाठी बीएआरसी, आरआरकॅटसारख्या आपल्या संस्था अशाच पोकळ्यांच्या कामात भागीदार आहेत. म्हणजे पैसे देणाऱ्याला दाखवायला धातूचा चमचमता डबा तरी आहे.

ढवळ्या

डबा चालेल. :)

रेघोटी

रुथेनेटकडे परत. तुम्ही म्हणता क्षेत्र पक्कं. पण कडांवरचे प्रवाह स्कॅनिंग स्क्विडने शोधले, २००७ मध्ये किर्टली आणि सहकाऱ्यांना काही मिळालं नाही, नंतरच्या शोधातही नाही. सममिती मोडली असेल तर कडेला प्रवाह हवेत. आणि ताणाच्या प्रयोगाचं काय?

आडवाट

ताणाचा प्रयोग मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर वाटतो, त्यावर जरा लांब लिहितो.

जोडीला दोन घटक असतील आणि त्यांच्या मिश्रणातून सममिती मोडत असेल, तर स्फटिकाच्या चौकोनी सममितीमुळे दोन्ही घटक एकाच तापमानाला येतात. स्फटिक एका दिशेने दाबला की चौकोनाचा आयत होतो, मग एक घटक आधी यायला हवा, दुसरा नंतर. म्हणजे टीसी वेगळं आणि क्षेत्र उगवण्याचं तापमान वेगळं. ग्रिनेन्को, हिक्स, क्लाउस आणि सहकाऱ्यांनी पॉल शेररला स्फटिक झोतात ठेवूनच दाबला. म्यूऑनसाठी नमुना मोठा लागतो, दाबताना तो तडकू द्यायचा नाही, आणि दाबणाऱ्या यंत्रावर पडलेले म्यूऑन वेगळे ओळखायचे. हे सगळं जमवणं म्हणजे काय ते लोहकण काकांना जास्त कळेल. २०२१ मध्ये निकाल आला: दाब वाढवला तसं टीसी वर गेलं, क्षेत्र उगवण्याचं तापमान खालीच राहिलं. दोन्ही फुटले. त्यांनीच सर्व बाजूंनी सारखा दाब देऊनही पाहिलं, ज्यात चौकोन चौकोनच राहतो. तिथे दोन्ही एकत्रच सरकले.

स्फटिकातल्या अशुद्धीमुळे किंवा यंत्राच्या गफलतीमुळे क्षेत्र दिसत असतं, तर ते स्फटिकाची सममिती कोणत्या दाबाने मोडते याची दखल घेऊन असं वागलं नसतं. त्याच वर्षी दोन गटांनी ध्वनिलहरींच्या वेगावरूनही दोन घटकांच्या बाजूने कौल दिला.

लोहकण

झोताच्या मार्गात दाबयंत्र, तेही एका केल्विनच्या आसपास, नमुना सरळ रेषेतच दाबला जायला हवा, जराही वाकता कामा नये. दंडवत.

रेघोटी

प्रयोग देखणा आहे, वाद नाही. पण अर्धंच सांगितलंत. तापमान फुटलं तर दुसऱ्या तापमानाला उष्माधारकतेत (तापमान वाढवायला किती उष्णता लागते त्यात) दुसरी उडी दिसायला हवी. २०२१ मध्येच ताणाखाली ती शोधली, फार काटेकोरपणे, आणि दिसली नाही. उष्माधारकता नमुन्याच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनची साक्ष घेते. तुमचा म्यूऑन दोषांपाशी जमलेलं क्षेत्र पाहतो, हे वर तुम्हीच लिहिलंय.

आडवाट

हो, आणि ते मागे घेत नाही. माझा कौल तरीही म्यूऑनकडे. उडी लहान असेल तर ती मोजमापाच्या मर्यादेखाली राहू शकते. दोन घटकांना योगायोगाने जवळपास सारखं टीसी मिळालंय असं मानणारे सिद्धांतही आहेत, त्यांना कडेचे प्रवाह क्षीण ठेवता येतात. पण त्यांना तो योगायोग का व्हावा हे सांगता येत नाही, हेही खरं.

रेघोटी

उडी 'लहान असेल' हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, मला नाही. नुसतं क्षेत्र दिसलं म्हणून मी दुसरा घटक मान्य करणार नाही. दोषांपाशीच सममिती मोडत असेल आणि उरलेला स्फटिक साधासरळ असेल, तर म्यूऑनही खरा आणि उष्माधारकताही खरी.

आडवाट

मग दोषांची संख्या मुद्दाम कमीजास्त केलेले स्फटिक एकाच वेळी दोन्हीकडे मोजायला हवेत, उष्माधारकता आणि म्यूऑन, त्याच तुकड्यावर, त्याच ताणाखाली. तुमच्या म्हणण्याप्रमाणे दोष वाढवले की क्षेत्राचा भाग वाढेल आणि उडी नाहीच दिसणार. माझ्या म्हणण्याप्रमाणे क्षेत्र उगवण्याचं तापमान दोन्ही घटकांच्या टीसीबरोबर घसरेल. तुम्ही नमुने देणार असाल तर अर्ज मी लिहितो.

पारिजात_७१

स्फटिक वाढवणाऱ्यांना आधी विचारा म्हणजे झालं. दोष मोजून घालायचे म्हणजे रुथेनियमच्या जागी टायटॅनियम, आणि टीसी दीडच केल्विन असताना चिमूटभर जास्त पडलं की अतिवाहकताच गायब होईल.

रेघोटी

@पारिजात_७१, म्हणूनच तुम्ही हव्यात. व्यनि करते.